मायक्रोपायथॉन चाचणी-संच

मायक्रोपायथॉन चाचणी-संच हा मायक्रोपायथॉनची अचूकता तपासणाऱ्या फाइलींचा संग्रह होय. मायक्रोपायथॉन हे पायथॉन या संगणकीय भाषेचे मायक्रोकंट्रोलरसाठी, म्हणजेच सूक्ष्मनियंत्रकांसाठी, घडवलेले लहान रूप आहे. डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये किकस्टार्टरवर निधी उभारून हा प्रकल्प सुरू केला.

पार्श्वभूमी

हे सॉफ्टवेअर परस्परांहून भिन्न असलेल्या अनेक बोर्डांवर चालते. पायबोर्ड या मूळ बोर्डावर १९२ किलोबाइट कार्यस्मृती होती. आरपी२०४० या चिपमध्ये ती २६४ किलोबाइट आहे. काही बोर्डांवर वाय-फाय असते, काहींवर नसते. त्यामुळे एकच चाचणी सर्व बोर्डांना लागू पडत नाही.

रचना

चाचण्या विषयवार फोल्डरांत विभागलेल्या आहेत. ‘बेसिक्स’मध्ये भाषेची मूलभूत अंगे, ‘फ्लोट’मध्ये दशांश संख्यांचे गणित, तर ‘एक्स्टमॉड’मध्ये जोड-लायब्रऱ्या तपासल्या जातात. प्रत्यक्ष तारजोडणी आवश्यक असलेल्या चाचण्या स्वतंत्र फोल्डरात ठेवल्या आहेत. उदाहरणार्थ, यूआर्टच्या काही चाचण्यांसाठी प्रेषणाची व ग्रहणाची पिन तारेने एकमेकींना जोडावी लागते. दोन उपकरणांमधील नेटवर्क व ब्लूटूथ संवादाच्या चाचण्याही निराळ्या आहेत. अशा प्रकारे, फाइलीच्या स्थानावरूनच बोर्डाकडून काय अपेक्षित आहे, हे बऱ्याच अंशी समजते.

कार्यपद्धती

चाचणीची फाइल संगणकावरून सिरियल जोडणीद्वारे बोर्डाकडे पाठवली जाते. बोर्डाने दिलेले उत्तर संगणकाकडे परत येते आणि त्याची तुलना त्याच फाइलीने संगणकावरील प्रमाण पायथॉनमध्ये दिलेल्या उत्तराशी केली जाते. पिना हाताळणाऱ्या लायब्रऱ्या प्रमाण पायथॉनमध्ये नसतात. अशा चाचण्यांसाठी अपेक्षित उत्तर त्याच नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतात. तुलना संगणकावर होत असल्याने उत्तरपत्रिकेचा भार बोर्डाच्या तुटपुंज्या स्मृतीवर पडत नाही.

गाळलेल्या चाचण्या

मुख्य चाचण्यांपूर्वी काही छोट्या फाइली बोर्डाची क्षमता जोखतात. दशांश गणिताची सोय नसल्यास त्या विषयाच्या चाचण्या गाळल्या जातात. आवश्यक लायब्ररी न आढळल्यास चाचणी स्वतःच ‘स्किप’ असे उत्तर देऊन थांबते. अखेरच्या गोषवाऱ्यात उत्तीर्ण, अनुत्तीर्ण व गाळलेल्या चाचण्या वेगवेगळ्या नोंदवल्या जातात.

हा भेद महत्त्वाचा आहे. गाळलेली चाचणी अनुत्तीर्ण मानल्यास निर्दोष बोर्ड सदोष ठरेल. उलट ती उत्तीर्ण मानल्यास कधीही न तपासलेला भाग विश्वासार्ह समजला जाईल. एखादी लायब्ररी चुकून बोर्डाच्या सॉफ्टवेअरमधून वगळली गेली, तर तिच्या चाचण्या अनुत्तीर्ण न होता केवळ गाळल्या जातात. म्हणून अनुत्तीर्ण चाचण्यांची संख्या शून्य असली, तरी गाळलेल्या चाचण्यांची यादी वाचणे आवश्यक ठरते.