रिकामा स्लॉट आणि रानातला दांडका



आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. घरी जुळवलेल्या व्हिडिओ एडिटिंगच्या संगणकासाठी पुढे वाढवता येईल अशी रॅम कशी निवडावी? ज्यांची उभी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली, त्यांनी यात तोंड कशाला घालावं? तर यात आमची एक चूक आहे, म्हणून.

आमची ही व्याख्यानं आमचा एक जुना विद्यार्थी चित्रित करतो. एरवी तो लग्नांचे व्हिडिओ करतो, त्यावरच त्याचं घर चालतं. त्यानं कर्ज काढून सुटे भाग आणले आणि घरीच संगणक जुळवायला घेतला. तेव्हा त्यानं विचारलं, "सर, बत्तीस जीबी रॅम घ्यायचीय. आठच्या चार पट्ट्या घेऊ की सोळाच्या दोन?" आम्ही म्हणालो, "अरे, चार स्लॉट दिलेत ते भरायलाच ना? चार घे!" त्यानं घेतल्या. पुढे लग्नसराईत फोर-के चित्रीकरणाची कामं आली, बत्तीस जीबी पुरेना, आणि एकही स्लॉट मोकळा नाही. चारही पट्ट्या काढून मिळेल त्या भावाला विकाव्या लागल्या. शब्द प्रमाण मानायचा तर बोलणारा आप्त हवा, म्हणजे त्या विषयातला जाणता हवा. आम्ही नव्हतो. मग त्याच्याच शेजारी बसून शिकलो. ते आज सांगतो.

पहिला प्रश्न : व्हिडिओला एवढी रॅम लागते कशाला? हिशोब करून बघू. फोर-के चित्राची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख बिंदू. रंगांचं बारीक काम करताना एकेका बिंदूला १६ बाइट लागू शकतात. म्हणजे एका फ्रेमला सुमारे १३३ एमबी. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ३.३ जीबी, आणि दहा सेकंदांना ३३ जीबी! साध्या आठ-बिट कामात हा आकडा एक चतुर्थांशावर येतो, आणि सॉफ्टवेअरही सगळं एकदम धरून ठेवत नाही. पण रॅम का संपते, ते यावरून कळतं. रॅम संपली की संगणक एसएसडीवर माल टाकू लागतो. डीडीआर५-५६०० च्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला कागदावर जवळजवळ ९० जीबी वाहून नेतात. चांगली चौथ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी सातच्या आसपास. म्हणून तो अडखळतो. अडोबी कंपनी प्रीमिअरसाठी एचडी कामाला १६ आणि फोर-केला ३२ किंवा अधिक जीबी सुचवते, ती याच कारणानं.

दुसरा प्रश्न आमच्या चुकीचा. स्लॉट चार असले तरी घरगुती मदरबोर्डवर रस्ते, म्हणजे चॅनेल, दोनच असतात. एकेका रस्त्यावर दोन-दोन स्लॉट. दोन पट्ट्या योग्य जागी बसवल्या की दोन्ही रस्ते चालू होतात. बहुतेक बोर्डांवर ती जागा प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट. तरी बोर्डाची पुस्तिका बघाच. चार लावल्यानं रस्ते वाढत नाहीत, एकेका रस्त्यावरचा भार मात्र वाढतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेची अधिकृत मर्यादा बघा : दोन पट्ट्यांना ५२००, चार पट्ट्यांना ३६००.

इथे न्यायशास्त्र आठवतं. दांडक्यानं कुंभाराचं चाक फिरतं, म्हणून दांडका हे घड्याचं कारण. पण रानात पडलेला दांडका? त्याच्यात योग्यता आहे, घडा मात्र होत नाही. नैयायिक याला स्वरूपयोग्यता म्हणतात. प्रत्यक्ष फळ देणारं कारण वेगळं. रिकामा स्लॉट हा असा रानातला दांडका आहे. तो आहे म्हणून रॅम 'वाढवता येते' असं म्हणू नका. वाढवल्यावर ती कोणत्या वेगानं चालेल, तेही आजच विचारा.

मग निवड कशी करायची?

आधी बोर्ड, मग रॅम. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींच्या पट्ट्यांना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. डीडीआर५ चं मानक २०२० मध्ये आलं, आणि एएमडीच्या एएम५ बोर्डांवर फक्त तीच चालते. नवा संगणक जुळवताय तर डीडीआर५ घ्या. बोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो आणि कंपनीनं तपासलेल्या पट्ट्यांची यादी काय आहे, हे दुकानात जाण्याआधी वाचा.

फोर-के काम रोजचं असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर सुरुवातीलाच ३२ च्या दोन घ्या. नसेल तर १६ च्या दोन. पुढे कमी पडलं, तर आणखी दोन घालून वेग गमावण्यापेक्षा त्या विकून मोठ्या दोन घेणं बरेचदा शहाणपणाचं. ४८ जीबीच्या पट्ट्याही मिळतात. दोन लावल्या की ९६.

पट्ट्या एकाच पाकिटातल्या जोडीनं घ्या. वर्षभरानं त्याच नावाची दुसरी जोडी आणली तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, आणि चौघींचं जमेलच याची हमी नसते. हवेनं थंड करणारा मोठा कूलर असेल, तर बुटक्या पट्ट्या घ्या. नाहीतर प्रोसेसरजवळचा स्लॉट त्याच्याखाली झाकला जातो.

बसवल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा, तेव्हाच पाकिटावरचा वेग मिळतो. डीडीआर५ असताना पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. घाबरून बटण दाबू नका, ती पट्ट्यांची ओळख करून घेत असते मशीन. मग मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तर त्या रॅमवर गिऱ्हाइकाचं लग्न ठेवू नका.

आणि वाढवण्याआधी एकदा मोजा. सगळ्यात जड काम उघडून टास्क मॅनेजर बघा. रॅम निम्मी रिकामी असेल, तर अडचण प्रोसेसरची, ग्राफिक्स कार्डाची किंवा डिस्कची. रॅम घालून काही उपयोग नाही.

आमच्या विद्यार्थ्यानं आता ३२ च्या दोन लावल्यात. आधीच्या पट्ट्यांत झालेलं नुकसान आम्ही देऊ केलं, तो घेईना. म्हणाला, "सर, त्याऐवजी यावर एक व्याख्यान द्या." ते हे व्याख्यान. एडिटही तोच करतोय.