बालकांचा सौम्य न्यूमोनिया : प्रतिजैविक द्यावे काय?

श्वास वेगाने चालतो (२ ते ११ महिने वयात मिनिटाला ५० वा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक), परंतु छाती आत ओढली जात नाही, अशा सौम्य न्यूमोनियात प्रतिजैविक अनिवार्य आहे काय? कराची येथील चाचणीत (२०२०) प्रतिजैविकाविना ४.९ टक्के, तर अमॉक्सिसिलिन दिलेल्या २.६ टक्के बालकांत उपचार तीन दिवसांत निष्फळ ठरला. म्हणजे एक अपयश टाळण्यासाठी ४४ बालकांना औषध द्यावे लागते. बहुसंख्य मुले औषधाविनाही सुधारतात, हे खरेच.

तथापि गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या प्रयोगात (प्रसिद्धी १९९०, रुग्ण केवळ सौम्य नव्हते) प्रशिक्षित ग्रामकार्यकर्त्यांनी प्रतिजैविक दिलेल्या बालकांत मृत्युप्रमाण ०.८ टक्के, तुलनेच्या गावांत १३.५ टक्के होते. बुलढाणा जिल्ह्यातील आडगावची माता तिसऱ्या दिवशी फेरतपासणीस येईलच, अशी खात्री नसल्यास औषध रोखणे प्रस्तुत लेखकास उचित वाटत नाही.