सौर उद्रेक व अवकाश हवामान

सूर्याच्या बाह्य वातावरणातील पीळ पडलेल्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा एकाएकी मुक्त होण्याच्या आविष्कारास सौर उद्रेक म्हणतात. अशा उद्रेकांमुळे पृथ्वीभोवतालच्या अवकाशात जी स्थित्यंतरे घडतात, त्यांना ‘अवकाश हवामान’ ही संज्ञा लावतात. उद्रेक मुख्यत्वे सौर डागांच्या समूहांलगत होत असल्याने डागांच्या सु. ११ वर्षांच्या आवर्तनाबरोबर त्यांची संख्याही वाढते व घटते. [→ सूर्य].

उद्रेकाची दोन रूपे आहेत. उज्ज्वाला म्हणजे प्रारणाचा अल्पकालीन झोत होय. त्यातील क्ष-किरण व जंबुपार किरण ८ मिनिटांहून थोड्या अधिक वेळात पृथ्वीवर पोहोचतात, दिवसाच्या बाजूच्या आयनांबराचे आयनीभवन वाढवितात आणि लघुतरंग रेडिओ संदेशवहन काही काळ खंडित करतात. दुसरे रूप किरीटी द्रव्याच्या उत्क्षेपाचे. यात अब्जावधी टन आयनद्रायू आपल्या चुंबकीय क्षेत्रासह से.ला सु. २५० ते ३,००० किमी. वेगाने बाहेर फेकला जातो. त्याचा मेघ पृथ्वीपर्यंत यावयास साधारणतः एक ते चार दिवस लागतात. ही दोन्ही रूपे पुष्कळदा एकत्र आढळतात. तथापि भूचुंबकीय वादळाचे कारण उज्ज्वाला हे आहे, ही दीर्घकाळ रूढ असलेली समजूत बरोबर नाही. मोठी वादळे उत्क्षेपांमुळे होतात.

प्रत्येक मेघ मात्र वादळ आणीत नाही. विषुववृत्ताजवळ पृथ्वीचे क्षेत्र उत्तराभिमुख असते. मेघातील क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल, तर दोहोंच्या रेषा परस्परांस जोडल्या जातात व सौरवाताची ऊर्जा चुंबकांबरात शिरते. पृथ्वीभोवती पश्चिमेकडे वाहणारा वलयप्रवाह प्रबळ होतो आणि भूपृष्ठावरील क्षेत्राचा क्षैतिज घटक घटतो. मेघाचे क्षेत्र उत्तराभिमुख असल्यास तो बहुतांशी बाजूने निघून जातो. पूर्वकथनाची खरी अडचण येथेच आहे. सूर्यावरील उद्रेक तत्काळ दिसतो. पण मेघातील क्षेत्राची दिशा खात्रीने कळते ती पृथ्वीपासून सु. १५ लक्ष किमी. अंतरावरील उपग्रहांपाशी मेघ आल्यावर. तेव्हा हाती जेमतेम तासभर उरतो. वेगवान मेघाच्या बाबतीत तेवढाही नाही.

१ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन व रिचर्ड हॉजसन या इंग्रज निरीक्षकांना स्वतंत्रपणे सौर डागांजवळ प्रखर श्वेत प्रकाश दिसला. त्यानंतर सु. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झाले. ध्रुवीय प्रकाश क्यूबापर्यंत दिसला आणि बॉस्टन व पोर्टलंड यांदरम्यान तारायंत्रे विद्युत् घट काढून केवळ प्रवर्तित प्रवाहावर चालविण्यात आली. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतील छायाचित्रीय आलेख कागदाबाहेर गेला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मात्र मापनी डोळ्यांनी वाचून नोंदी होत होत्या, म्हणून वादळाचा परमावधी तेथे टिपला गेला. क्षैतिज घटक सु. १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता. ब्रूस त्सुरुतानी, जी. एस्. लखिना व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ही घसरण अल्पकाळ टिकलेली असल्याने ती सर्वस्वी वलयप्रवाहाची मानावी की नाही, याविषयी मतभेद आहेत. तासाची सरासरी घेतल्यास आकडा बराच कमी येतो. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकीय वेध अलिबागला हलविण्यात आले. तेथील वेधशाळा १९०४ पासून कार्यरत आहे.

इतका पुरावा असूनही लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ मध्ये सूर्य व वादळे यांचा संबंध नाकारला. सूर्याने सर्व दिशांना चुंबकीय तरंग पाठवून एवढे परिणाम घडविण्यास अशक्यप्राय ऊर्जा लागेल, असे त्यांचे गणित होते. गणितात चूक नव्हती. ऊर्जा तरंगांनी नव्हे, तर द्रव्याने वाहून आणली जाते, हे तेव्हा ज्ञात नव्हते.

वादळात बदलते क्षेत्र लांब विद्युत् वाहक तारांत प्रवाह प्रवर्तित करते. हे प्रवाह रोहित्रांत शिरल्यामुळे १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजयंत्रणा सु. दीड मिनिटात कोलमडली व सु. ६० लक्ष लोक नऊ तास अंधारात राहिले. वातावरणाचे वरचे थर तापून फुगतात, त्यामुळे उपग्रहांच्या गतीस रोध वाढतो. जुलै १९७९ मध्ये ‘स्कायलॅब’ अपेक्षेआधी खाली आली, तीमागेही वाढलेली सौर सक्रियता होती. भारतातील खेड्यापाड्यांतही तिची तेव्हा धास्ती पसरली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर एका मध्यम वादळाने नुकत्याच सोडलेल्या ४९ ‘स्टारलिंक’ उपग्रहांपैकी बहुतेक नष्ट केले. म्हणजे हानी केवळ वादळाच्या तीव्रतेवर ठरत नाही. याउलट, १०–११ मे २०२४ च्या कितीतरी तीव्र वादळात लडाखमधील हान्ले येथून तांबडा ध्रुवीय प्रकाश टिपला गेला, पण वीजपुरवठ्यावर मोठे अरिष्ट आले नाही.

२३ जुलै २०१२ रोजी सूर्यावरून निघालेला एक अतिवेगवान मेघ पृथ्वीच्या दिशेने नव्हता. तो अमेरिकेच्या ‘स्टिरिओ-ए’ या यानावरून गेला, म्हणून त्याची मापे मिळाली. भारताचे ‘आदित्य-एल १’ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडण्यात आले व ६ जानेवारी २०२४ रोजी १५ लक्ष किमी.वरील नियोजित कक्षेत स्थिरावले. किरीटाचे वेध घेणाऱ्या उपकरणाबरोबरच येणाऱ्या मेघातील चुंबकीय क्षेत्राची दिशा मोजणारा चुंबकत्वमापकही त्यावर आहे.