साठी, बुद्धी आणि मेंदूतली मळी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण थट्टेत ठीक आहे. पण खुटबावच्या एखाद्या घरात आजोबा जेवून उठतात, हात धुतात आणि लगेच सुनेला विचारतात, “आज जेवायला नाही का वाढायचं?” तेव्हा थट्टा उरत नाही. सून हिरमुसते, शेजारी कुजबुजतात. दोष सुनेचा नव्हे, आजोबांचाही नव्हे. मग कुणाचा?

याचा पहिला धागा जर्मनीत हाती आला. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात ऑगुस्टे नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. स्वतःचे नाव लिहिता लिहिता ती अडखळे. १९०६ साली ती वारली, तेव्हा डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मज्जापेशींच्या बाहेर साका साचलेला आणि आत धाग्यांचा गुंता! बाहेरच्या साक्यातले प्रथिन ते अमायलॉइड, आतल्या गुंत्यातले टाऊ.

प्रथिने तर शरीराला हवीतच. मग ती घात कशी करतात? ऊसपट्ट्यातल्या वाचकांनी गुऱ्हाळ आठवावे. काहिलीत रस उकळू लागला की मळी वर येते आणि गुळव्या ती सारखी काढीत असतो. काढायची राहिली की गूळ बिघडतो. मेंदूतही अमायलॉइडचे तुकडे रोज तयार होतात, रोज काढले जातात. काढणे मागे पडले की ते एकमेकांना चिकटतात. विसर दिसू लागण्याआधी पंधरा-वीस वर्षे हे मुकाट्याने चालू असते! पुढे टाऊचा गुंता पसरतो, पेशी मरतात आणि माणूस कालचे विसरतो. लहानपणीचे मात्र बराच काळ आठवते.

विद्वत्ताही यातून सुटका करीत नाही. ‘अस्तु’ या २०१३ सालच्या मराठी चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेला विस्मृतिग्रस्त माणूस संस्कृत पंडितच आहे.

मात्र साका असूनही शेवटपर्यंत शहाणी राहिलेली माणसे आढळतात. तेव्हा सारे कोडे उलगडलेले नाही. २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध साका कमी करते, आरंभीच्या रोगाची चाल थोडी मंदावते. गेलेली आठवण परत आणीत नाही.

म्हणून म्हण बाजूला ठेवावी आणि आजोबांना डॉक्टरकडे न्यावे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइडचा बिघाड यांनीही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. अल्झायमरच निघाला, तर “आत्ताच जेवलात ना!” म्हणून खेकसू नये. करंजीचा तुकडा हातावर ठेवावा. ते हट्ट करीत नाहीत, आजारी आहेत.