गव्हाच्या बिअरमधलं केळं

पुण्यातल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत हेफेवाइझनचे ग्लास समोर आले की एकाला त्यात पिकलेल्या केळ्याचा वास येतो, दुसऱ्याला लवंगेचा. दोघंही बरोबर असतात. बव्हेरियाच्या या पारंपरिक बिअरमध्ये ना केळं असतं, ना लवंग. किमान निम्मं गव्हाचं माल्ट, बाकी बार्लीचं, शिवाय हॉप्स, पाणी आणि यीस्ट. हे दोन्ही वास यीस्टच तयार करतं. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या द्रव्याचा. खऱ्या केळ्यातही तेच असतं. लवंगेची छटा ४-व्हिनाइल ग्वायकॉलची. आंबवताना तापमान जास्त राहिलं तर सहसा केळं वरचढ होतं. म्हणूनच एकाच प्रकारची बिअर दोन ठिकाणी वेगळी लागते, आणि रसिकांचे हे मतभेद मला फार मोलाचे वाटतात.

दोष ओळखणं मात्र निव्वळ आवडीनिवडीवर सोडू नये. लोण्यासारखा वास डायअसिटिलचा. ओल्या पुठ्ठ्याची चव आली तर बिअर शिळी झाली आहे. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला ऊन लागलं की हॉप्समधल्या कडू द्रव्यांपासून उग्र, गंधकी दर्प तयार होतो. तपकिरी काच तो बराच रोखते.

बिअर बर्फासारखी गार नको, थंडीने सुगंध दबतो. हेफेवाइझनला ७ ते १० अंश सेल्सिअस पुरे. बाटलीतली असेल तर शेवटचा घोट उरला की बाटली हलकेच फिरवावी आणि तळाचं यीस्टही ग्लासात ओतावं.