रेंज नसलेल्या गावाचा सर्व्हर

वर्गात वायफाय आहे आणि इंटरनेट नाही, असं सांगितलं की शहरातला माणूस बुचकळ्यात पडतो. वास्तविक राउटरचं काम जवळची यंत्रं एकमेकांना जोडण्याचं. त्याला बाहेरची लाइन असलीच पाहिजे असं नाही. शाळेला नेटविना धडे पुरवणारी ‘कोलिब्री’ ही प्रणाली एवढ्याच भांडवलावर चालते.

तिचं मूळ २०१२ सालचं. जेमी अलेक्झांद्र त्या उन्हाळ्यात ऑनलाइन धडे देणाऱ्या खान अकादमीत इंटर्न होता. तिथले धडे फुकट होते, पण नेट नसलेल्यांना त्यांचा उपयोग शून्य. म्हणून सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या मित्रांना जमवून त्याने नेटविना चालणारी ‘केए लाइट’ ही आवृत्ती केली. त्यातूनच ‘लर्निंग इक्वॅलिटी’ ही संस्था निघाली आणि पुढे कोलिब्री आली.

जुना डेस्कटॉप किंवा तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय हा संगणक, यातलं काहीही सर्व्हर म्हणून चालतं. तालुक्याला नेट मिळेल तिथे धडे एकदाच उतरवायचे, पेनड्राइव्हने शाळेत आणायचे. मग टॅब राउटरला जोडून ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की धडे, सराव, कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ हे आभासी प्रयोग, सगळं उघडतं. कुठलं मूल कुठे अडलंय ते गुरुजींना दिसतं. मेनू मराठीत करता येतो; आतलं बरंच साहित्य मात्र इंग्रजी, आणि ही अडचण लहान नाही.

मला स्वतःला धड्यांपेक्षा त्या सर्व्हरच्या खोक्यात जास्त रस आहे. व्हिडिओ पाहून मुलगी अपूर्णांक शिकेल. संगणक शिकायचा तर सर्व्हर तिच्या ताब्यात द्यायला हवा. रास्पबेरी पायची सगळी साठवण सहसा एका मेमरी कार्डावर असते. लिहिणं चालू असताना लाइट गेली तर कार्ड बिघडू शकतं. म्हणजे यंत्र नीट बंद करणं आलं, पॉवर बँक जोडणं आलं, कार्डाची प्रत काढून ठेवणं आलं. टॅब जोडला जात नसेल तर दोष राउटरचा, पत्त्याचा की सर्व्हरचा, हे एकेक तपासणं आलं. बत्तीस जीबीच्या कार्डात काय ठेवायचं आणि काय गाळायचं, यावर तर सातवीच्या वर्गात खुशाल भांडणं होऊ द्यावीत. घरी नेट असलेल्या मुलांवर ही कामं सहसा येतच नाहीत.

बिघडेल या धास्तीने टॅब कपाटात कुलूपबंद करणाऱ्या शाळांनी निदान एक रास्पबेरी पाय तरी मुलांना बिघडवायला द्यावा. कार्ड पुन्हा भरता येतं.