दागिना गांठवितांना

यवतमाळहून नागपूरकडे निघालें कीं वाटेंत कळंब लागतें. पायऱ्या उतरून, जमिनीच्या पातळीखालीं ज्याचें दर्शन घ्यावयाचें, त्या श्रीचिंतामणीचें हें गांव. सभोंवार कापसाचा मुलूख. त्या देवळांत रुद्राक्षांची माळ ओढीत बसलेले आजोबा, गळ्यांत काळी पोत घातलेली सून, आणि आजेसासूचा तन्मणी लेऊन पायां पडावयास आलेली नवी नवरी, अशीं तीन माणसें शेजारीं शेजारीं दिसावीं, ह्यांत नवल नाहीं. तिघांजवळही ओंवलेले मणीच आहेत. परंतु तिघांना एकच दोरा चालणार नाहीं.

ऐन मांडवांत मोत्यांचा सर तुटतो, दाणे गर्दींत पायांखालीं जातात, आणि मग दोऱ्याला दोष दिला जातो. खरा दोष बहुधा निवडीचा असतो. जो सर्वांत बळकट तोच दोरा उत्तम, हा समज बरोबर नव्हे. दोरा मण्याच्या स्वभावाशीं जुळावा लागतो, आणि तो स्वभाव मण्याच्या भोंकांत कळतो.

रुद्राक्ष हलका, त्याचें भोंक मोठें. त्याला पिळाचें जाड सूत पुरतें. सूत भिजलें म्हणून दुबळें होत नाहीं. उलट किंचित् बळकटच होतें. मात्र ओल धरून राहिलें तर बुरशी लागून कुजतें. म्हणून ओली माळ वाळवून ठेवावी आणि सूत वेळोवेळीं बदलावें.

मोत्याची गोष्ट वेगळी. तो चुन्याच्या पातळ थरांचा बनलेला, म्हणून मऊ. त्याचें भोंक बहुधा एक मिलिमीटरहूनही अरुंद. त्याला रेशीमच योग्य. तें गुळगुळीत असतें, गळ्याबरोबर वळतें आणि भोंक नेमकें भरून काढतें. कुशल पटवेकरी दर दोन मोत्यांमध्यें एक गांठ देतो. त्यामुळें मोती एकमेकांवर घासत नाहींत, आणि सर तुटलाच तर एखादाच दाणा निसटतो. परंतु रेशीम भिजलें म्हणजे त्याचें बळ घटतें. घामानें व अत्तरानेंही तें खराब होतें. म्हणून मोत्यांचा दागिना स्नानापूर्वीं उतरावा आणि शृंगार आटोपल्यावर सर्वांच्या शेवटीं घालावा.

पोतीचे काळे मणी कांचेचे. त्यांच्या भोंकाची कड कधीं कधीं कानशीप्रमाणें धारदार असते, आणि पोत तर रात्रंदिवस गळ्यांत. तेथें रेशीम लौकर झिजतें. १९३८ सालीं अमेरिकेंत जाहीर झालेला नायलॉनचा धागा पाण्यानें कुजत नाहीं. पण तो ताणतो. म्हणून ओंवलेला सर एक रात्र खुंटीस टांगून ठेवावा आणि मग शेवटची गांठ मारावी. नायलॉनची गांठ निसटण्याचा संभव असतो, यास्तव तिच्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्याचा थेंब लावतात.

तांब्याची एकेरी तार मात्र टाळावी. वारंवार वांकविली म्हणजे ती ताठरते आणि मोडते. जड कांचमण्यांना पोलादी तारांचा पीळ चांगला. त्यांत ७, १९ किंवा ४९ बारीक तारा एकत्र वळून वर नायलॉनचा लेप दिलेला असतो. जाडी सारखी असतां तारा जितक्या अधिक, तितका पीळ लवचिक. तिला गांठ बसत नाहीं. टोंकाशीं बारीक धातुमणी चिमट्यानें दाबून ती बांधतात.

मग मोतीही पोलादांत कां ओंवूं नयेत? कारण पोलाद मोत्याहून कठीण. लेप झिजला कीं तार मोत्याचें भोंक खाऊं लागते. दोरा तुटला तर नवा मिळतो. आजेसासूचा मोती मिळत नाहीं. नथींत मोती सोन्याच्या तारेंत बसवितात, पण तेथें तो घट्ट जखडलेला असतो, सरांतल्याप्रमाणें सारखा सरकत नाहीं.

निवडीची कसोटी घरींच करतां येते. दोऱ्याचा तुकडा मण्यांतून दहा-वीस वेळां मागें-पुढें ओढावा. तंतू सुटले तर कड धारदार आहे असें समजावें. दोरा सैल खेळूं लागला तर तो बारीक आहे. आणि जुन्या सरांत दोन मण्यांमध्यें फट दिसूं लागली, किंवा दोरा काळवंडला, तर लग्नाचा दिवस उजाडण्यापूर्वींच दागिना पटवेकऱ्याकडे द्यावा. दोऱ्यानें झिजावें आणि मण्यानें टिकावें, हाच गांठविण्याचा खरा हेतु होय.